चालता कूलर: उन्हाळ्यात नागपूरहून सायकलने सातपुडा चढताना

नागपूर ते छिंदवाडा हे लांब पल्ल्याच्या सायकलस्वारासाठी एका दिवसाचं अंतर आहे. सावनेर, सौंसर, रामाकोना, उमरानाला असा मार्ग आणि सुमारे १२५ किलोमीटर. नागपूर समुद्रसपाटीपासून ३१० मीटरच्या आसपास, छिंदवाडा ६७५ च्या आसपास. डिसेंबरात सराव असलेला कोणीही संध्याकाळच्या चहाला तिथे पोचतो. एप्रिलात त्याच माणसाला त्याच रस्त्यावर सलाईन लावायची वेळ येऊ शकते.

याचं कारण घड्याळात आहे. पहिले ८०-८५ किलोमीटर बऱ्यापैकी सपाट जातात आणि सातपुड्याची खरी चढण, म्हणजे सिल्लेवानीचा घाट, त्यानंतर येतो. सकाळी सहाला चहा घेऊन आरामात निघालेला माणूस सामानासकट, थांबे धरून ताशी १६ किलोमीटर चालला, तर पायथ्याशी पोचतो साडेअकराच्या सुमाराला. दिवसातली सर्वात वाईट वेळ आणि रस्त्यातली सर्वात वाईट जागा बरोबर जुळून येतात. पुढचं सगळं नियोजन ही गाठ सोडवण्यासाठी आहे.

घाटात पंखा बंद होतो

नागपूरकराला कूलर समजावून सांगावा लागत नाही. ओले तट्टे आणि पंखा, दोन्ही चालू असले तरच गार हवा. विदर्भातल्या कोरड्या उन्हात सायकलस्वार म्हणजे चालता कूलरच. घाम आणि भिजवलेला कपडा हे तट्टे, आणि ताशी २० किलोमीटरने जाताना अंगावर येणारा वारा हा पंखा. म्हणूनच सपाटीवर ४० अंशांतही बरं वाटतं, आणि सिग्नलला थांबल्याबरोबर घामाच्या धारा लागतात.

घाटात वेग ताशी ७-८ वर येतो. पंखा जवळजवळ बंद, आणि नेमकं तेव्हाच इंजिन सर्वात जास्त तापलेलं. माणूस, सायकल आणि सामान मिळून १०० किलो धरा. ५ टक्के चढावर ताशी ८ ने जायला पॅडलवर साधारण १२० वॉट लागतात. शरीराची कार्यक्षमता २०-२५ टक्केच असल्याने त्यासोबत सुमारे ४०० वॉट उष्णता अंगात तयार होते. ती बाहेर टाकायला तासाला ६०० मिलीलिटर घाम नुसता येऊन भागत नाही, तो वाळावा लागतो. वरून उन्हाची आणि काळ्या डांबराची झळ वेगळी. मागून वारा असेल तर आणखी वाईट, कारण तो तुमच्याच वेगाने चालतो आणि अंगाला काहीच लागत नाही.

सावलीचंही तसंच. हे सागाचं, पानगळीचं जंगल आहे. मार्च-एप्रिलमध्ये साग बोडका असतो आणि त्याची सावली जाळीसारखी पडते. 'जंगलातून रस्ता आहे, म्हणजे गार असेल' हा हिशोब पावसाळ्यानंतरचा.

कधी जावं, कधी जाऊ नये

फेब्रुवारी अखेर ते एप्रिलचा मध्य हा काळ जमण्यासारखा आहे. नागपूरच्या कमाल तापमानाचा अंदाज ४२ च्या वर असेल तर बेत पुढे ढकला. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंशांची नोंद झाली होती. नवतपाच्या, म्हणजे मे अखेरच्या सर्वात तापत्या दिवसांत सायकलवर घाट चढण्यात शौर्य नाही, वेडेपणा आहे.

उन्हाची सवय करावी लागते आणि त्याला १० ते १४ दिवस लागतात. रोज तास-दीड तास, सकाळी नऊनंतरच्या उन्हात, हलक्या वेगाने. या काळात घाम लवकर सुटू लागतो, त्यातलं मीठ कमी होतं आणि नाडी खाली येते. दिवसभर एसीत बसणाऱ्यांनी पायांच्या ताकदीवर भरवसा ठेवू नये. नागपुरात राहतो म्हणजे ऊन सोसतं, असं काही नसतं. दोन-तीन आठवडे खंड पडला की ही सवय बरीचशी ओसरते.

याच सरावात आपल्या घामाचा दर काढून ठेवा. फेरीआधी लघवी करून, कमीत कमी कपड्यांत वजन करा. फेरीनंतर अंग पुसून परत करा. समजा ६८ चे ६७.२ किलो झाले, वाटेत अर्धा लिटर प्यायलात आणि फेरी दीड तासाची होती. एकूण घाम १.३ लिटर, म्हणजे तासाला साधारण ८७० मिली. नागपुरातल्या सेमिनरी हिल्सच्या चढावर दहा-बारा फेऱ्या मारताना हा आकडा काढला तर घाटाच्या जास्त जवळ जाणारा येतो. पाण्याबद्दलचे सर्वसाधारण सल्ले बाजूला ठेवून हाच आकडा वापरा.

सायकल

सामान लादून चढायचं तर सर्वात हलका गिअर एकास एक हवा: पुढे ३४ दात, मागे ३४. मिनिटाला पॅडलचे ६० फेरे मारले तर ७०० × २८ च्या चाकावर ताशी साधारण ७.७ किलोमीटर वेग मिळतो. पुढे ३४ आणि मागे २८ असेल तर त्याच फेऱ्यांना ९.३ लागतात. वरवर फरक किरकोळ वाटतो, पण तेवढा वेग टिकवता आला नाही की फेरे ४५ वर येतात, गुडघे दुखतात आणि माणूस उभं राहून जोर काढू लागतो. उन्हात उभं राहून चढणं महागात पडतं. पुढे २४ दातांची छोटी चकती असलेली साधी एमटीबी जड असली तरी या कामाला महागड्या रोडबाइकपेक्षा सरस ठरते.

सामान १० किलोच्या आत, पाणी वेगळं. पाठीवर सॅक नको. पाठीचा एवढा मोठा भाग झाकला की तेवढा कूलर बंद. कॅरिअर आणि पॅनिअर, म्हणजे त्याच्या दोन्ही बाजूंना अडकवायच्या पिशव्या, वापरा.

हवा पहाटे भरली जाते आणि दुपारी टायर तापतो. २५ अंशांना ८० पीएसआय भरलेला टायर ६० अंशांच्या डांबरावर ९० च्या पुढे जातो. टायरवर लिहिलेल्या कमाल मर्यादेपेक्षा १५ टक्के कमी भरा. पाठीमागे वजन जास्त, म्हणून मागे ५ पीएसआय जास्त ठेवा. थांबल्यावर सायकल उन्हात उभी करू नका.

या रस्त्यावर पंक्चर दोन कारणांनी होतं. एक बाभळीचा काटा. दुसरं कारण जास्त छळतं: ट्रकच्या फुटलेल्या टायरमधली केसासारखी बारीक तार. कोराडी-खापरखेड्याची वीजकेंद्रं आणि सावनेर भागातल्या कोळसा खाणी यांमुळे इथे ट्रकांची वर्दळ मोठी, आणि त्या टायरांच्या चिंध्या रस्त्याच्या कडेला साचतात. तार टायरमध्ये तशीच राहते आणि नवी ट्यूबही दहा मिनिटांत बसते. म्हणून ट्यूब बदलताना टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवा. तार असेल तिथे कापूस अडकतो. बोटाने शोधलं तर बोट कापतं.

दोन ट्यूब सोबत ठेवा आणि रस्त्यात बदलायचंच काम करा. पॅच लावणं सावलीतल्या थांब्यावर. भर उन्हात सोल्युशनवर लगेच साय धरते, आत ओलंच राहतं आणि तासाभरात पॅच सुटतो. पातळ थर, सावलीत पाच मिनिटं वाळवणं, मग अंगठ्याने कडेपर्यंत घट्ट दाब. नुसते चिकटवायचे स्टिकर-पॅच उन्हाळ्यात सरकतात, ते घेऊच नका. सोल्युशनची ट्यूब एकदा उघडली की आतल्या आत सुकते, तेव्हा नवी, सीलबंद घ्या. व्हॉल्व प्रेस्टा, म्हणजे बारीक नळीचा, असेल तर पितळी अ‍ॅडॉप्टर लागतो. हायवेवरच्या हवेच्या दुकानात श्रेडरची, म्हणजे मोटारसायकलसारख्या जाड व्हॉल्वचीच सोय असते.

बाकी: तीन टायर लिव्हर, पंप, अ‍ॅलन कीचा संच, चेन तोडायचं हत्यार आणि जोड-कडी, मागच्या चाकाच्या मापाचे दोन स्पोक, चिकटपट्टी, झिप-टाय, पुढचा-मागचा दिवा. मोबाइल हँडलवर लावू नका. तापून बंद पडतो, आणि तोही हमखास रस्ता शोधायच्या वेळी.

पाणी, मीठ, कपडा

आपल्या घामाचा दर बघून साधारण तासाला ७०० ते ९०० मिली, दर दहा-पंधरा मिनिटांनी तीन-चार घोट. घामाचा दर याहून जास्त असला तरी एका तासात लिटरपेक्षा जास्त ओतू नका. पोटात ते डचमळत राहतं. नुसतं साधं पाणीच सपाटून प्यायलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं. डोकं दुखतं, मळमळतं, अंगठी बोटात घट्ट होते. याला लोक 'ऊन लागलं' समजून आणखी पाणी पाजतात, आणि प्रकरण बिघडतं. ओळखायची खूण सोपी: मळमळतंय आणि लघवी भरपूर, पांढरी होतेय, तर पाणी थांबवा आणि खारं काही द्या. मळमळतंय आणि लघवीच नाही, तर पाणी कमी पडलंय.

दोन बाटल्यांपैकी एकात साधं पाणी, दुसरीत ओआरएस. एक लिटरची पुडी पाऊण लिटरच्या बाटलीत ओतायची चूक सर्रास होते. जास्त घट्ट द्रावण तहान वाढवतं आणि पोट बिघडवतं. पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात साखरेचे सहा सपाट छोटे चमचे आणि मिठाचा अर्धा सपाट छोटा चमचा. खोक्यातली गोड पेयं ओआरएस नव्हेत. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे का ते बघा.

साधी प्लॅस्टिकची बाटली अर्ध्या तासात चहाइतकी तापते आणि मग माणूस पिणंच टाळतो. जुना सुती मोजा बाटलीवर चढवून भिजवा. माठाचंच तत्त्व, वर वारा फुकट. दर २०-३० मिनिटांनी पुन्हा ओला करा.

कपडा पांढरा, सैल, पूर्ण बाह्यांचा, सुती. सायकलिंगची पुस्तकं सुती कपड्याच्या विरोधात असतात, कारण तो ओला राहतो. दमट कोकणात ते खरं आहे. आपल्याकडे ओला राहणं हाच त्याचा गुण. सुती दुपट्टा भिजवून हेल्मेटखालून मानेवर सोडा, टोकं गळ्यात खोचा. मोकळं टोक चाकात जातं. त्यासाठी, प्यायच्या पाण्याव्यतिरिक्त, अर्धा लिटर ओतायचं पाणी ठेवा. घाट चढताना ते सोन्याच्या भावाचं होतं. मांड्यांच्या सांध्यात व्हॅसलिन, उघड्या त्वचेवर सनस्क्रीन दर दोन तासांनी. पायही उन्हात सुजतात, तेव्हा बुटाची लेस सैल करा.

खिशात कांदा ठेवला तर ऊन लागत नाही, ही समजूत अजून चालते. खिशातल्या कांद्याने काही होत नाही. मिठासोबत भाकरीबरोबर खाल्ला तर निदान मीठ तरी पोटात जातं.

दिवसाचं घड्याळ

हेतू एकच: भर दुपारचा थांबा घाटाच्या वर यावा, खाली नको.

पहाटे साडेतीनला निघा. नागपूरच्या वेशीपर्यंत रस्ते रिकामे असतात, पुढे ट्रक सुरू होतात. मागचा लाल दिवा सतत चालू, अंगावर परावर्तक जाकीट, एकामागे एक. निघण्याआधी अर्धा लिटर पाणी आणि दोन केळी. तर्री-पोहे परतीच्या दिवशी. तेल आणि तिखट पोटात घेऊन उन्हात दम काढता येत नाही.

सावनेर पावणेसहाच्या आसपास. मध्य एप्रिलात सूर्य सहाच्या थोडा आधी उगवतो. इथे बाटल्या भरा, पण बसू नका. उजाडल्यापासून साडेनऊपर्यंतचे तास सर्वात मोलाचे, ते चहाच्या टपऱ्यांवर घालवू नयेत.

सौंसर आठपर्यंत. मध्य प्रदेशात शिरलात तरी मराठी चालते. सौंसर २०२३ पासून नव्या पांढुर्णा जिल्ह्यात आहे, आणि हा पट्टा संत्र्यांचा. मृग बहाराची संत्री मार्चमध्ये मिळतात, तीन-चार बरोबर घ्या. नाश्ता २५ मिनिटं: पोहे किंवा दशमी, ताक, गूळ. तासाला ४० ते ६० ग्रॅम पिठूळ-गोड पदार्थ पोटात जायला हवेत. एका केळ्यात साधारण २५ ग्रॅम, मुठीएवढ्या चिक्कीत त्याहून जास्त. चॉकलेट वितळतं. बटाट्याची भाजी दुपारपर्यंत आंबते.

रामाकोन्याला नऊ. हा घाटाआधीचा पाण्याचा शेवटचा भरवशाचा थांबा धरा. माणशी तीन लिटर प्यायला, अर्धा ओतायला. वजन वाढतं म्हणून इथे कंजूषी करणारे वर दुसऱ्याच्या बाटलीकडे बघत बसतात.

या टप्प्यावर घड्याळ बघा. साडेदहा वाजून गेले असतील, पंक्चरमुळे म्हणा किंवा उशिरा निघाल्यामुळे, तर चढू नका. रामाकोन्यातच सावली धरा आणि साडेचारला निघा. मात्र त्या पर्यायात दोन अडचणी आहेत. दिवसभर तापलेला काळा कातळ संध्याकाळीही झळ मारतो, आणि शेवटचे वीसेक किलोमीटर अंधारात जातात. शिवाय एप्रिलात दुपारनंतर अवकाळी ढग येतात, कधी गारांसह. गडगडाट ऐकू आला की एकट्या झाडाखाली थांबू नका, पक्कं घर गाठा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊ द्या.

रात्रीचा हायवे नको असेल त्यांनी आदल्या संध्याकाळी सौंसरला मुक्काम करावा आणि तिथून पहाटे पाचला निघावं. घाट साडेसात-आठला संपतो. वेळ असेल तर हाच पर्याय उत्तम.

घाट

चढ सुरू होण्याआधी २०० मीटरवर हलका गिअर टाका. चढावर जोर लावत गिअर बदलला की चेन उतरते किंवा तुटते. पायथ्याशी थांबून दुपट्टा, शर्टची पाठ आणि बाह्या भिजवा.

मिनिटाला ६०-७० फेरे, बसून. एक अख्खं वाक्य न थांबता बोलता आलं पाहिजे. नाही आलं तर वेग कमी करा. कमी करायला वेगच उरला नसेल तर उतरून ढकला. ढकलण्यात कमीपणा नाही.

दर दहा मिनिटांनी दोन मिनिटं थांबा. वळणाच्या बाहेरच्या, दरीकडच्या मोकळ्या अंगाला वारा असतो. कातळाच्या आडोशाला नसतो आणि तो कातळ भट्टीसारखा तापलेला असतो. त्यामुळे सावली आणि वारा यांत निवडायची वेळ आली तर ओल्या कपड्यानिशी वारा निवडा.

वळणावर ट्रकच्या आतल्या बाजूला कधीही शिरू नका. त्याची मागची चाकं पुढच्यांपेक्षा आतून जातात. मागून ट्रक आला तर वळणाआधीच कडेला थांबा. दुपारी डांबर मऊ पडतं, टायरला चिकटतं, त्यावर खडी चिकटते आणि चढ आणखी जड होतो. अशा वेळी चाकाच्या काळ्या पट्ट्यांवरून न जाता मधल्या, कमी घासलेल्या भागावरून जावं, अर्थात मागे वाहन नसेल तेव्हाच. माकडं दिसली की खाऊची पिशवी बंद.

वर पोचताना साडेदहा वाजले असतील. पुढे उमरानाल्यापर्यंत रस्ता सौम्य, पंखा पुन्हा सुरू. तिथे अकरा ते चार थांबा. देऊळ, शाळेचा व्हरांडा, ढाबा, जिथे वारा खेळतो असं काहीही. पत्र्याखाली नको. दहीभात, मीठ घातलेलं ताक, टरबूज. उसाच्या रसातला बर्फ टाळा. झोप काढा. या पाच तासांत एकदाही लघवी झाली नाही तर पुढचे २०-२५ किलोमीटर बसने जा, सायकल टपावर. चारला निघालात की सहापर्यंत छिंदवाडा.

माणूस बिघडला तर

पायात गोळे येणं, डोकं जड होणं, चक्कर: थांबा, सावली, पाय वर, ओआरएस घोटघोट. तासाभरात बरं वाटलं तरी त्या दिवशी घाट नाही.

बोलणं अडखळलं, प्रश्नाला भलतंच उत्तर आलं, सायकल सरळ चालेना, की तो उष्माघात धरा. घाम थांबला असेल तरच उष्माघात, हे अर्धसत्य आहे. श्रमाने आलेल्या उष्माघातात अंग घामाने ओलंचिंब असू शकतं. आधी गार करा, मग हलवा. कपडे सैल करून सगळं पाणी, पिण्याचंही, अंगावर ओता आणि दुपट्ट्याने जोराने वारा घाला. बर्फ मिळाला तर मान, काखा, जांघा. दुसऱ्याने १०८ ला फोन करावा, तो क्रमांक दोन्ही राज्यांत चालतो. पॅरासिटामॉल देऊ नका, या तापावर ते काम करत नाही. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका.

परत येताना

छिंदवाडा-इतवारी रेल्वेमार्गाने परतणार असाल तर सायकल लगेज म्हणून बुक होते. हवा थोडी कमी करा, पॅडल काढा, नावाची चिठ्ठी बांधा, आणि कोणत्या गाडीला ब्रेकव्हॅन, म्हणजे लगेजचा डबा, आहे ते आदल्या दिवशी स्टेशनवर विचारा.

सायकलनेच उतरणार असाल तर मागचे ब्रेक शू रात्रीच बघून ठेवा. सामानासकट उतारावर ब्रेक सतत धरून ठेवला की रिम तापतो, आतली हवा फुगते आणि टायर रिमवरून उडू शकतो. तीन-चार सेकंद घट्ट दाबा, सोडा, वारा लागू द्या. दोन्ही ब्रेक वापरा, पुढचा सरळ रस्त्यावर, वळणात शिरण्याआधी. अर्ध्या घाटात थांबून रिमजवळ हात नेऊन बघा, टेकवू नका. लांबूनच चटका जाणवला तर दहा मिनिटं बसा. त्यावर पाणी ओतू नका, ते पुढच्या तीस किलोमीटरला लागणार आहे.